हक्कसोडपत्राआधी बहिणीला वेगळे विचारा

मा. संपादक,

वडिलांच्या माघारी वर्षश्राद्ध होते न होते तोच लेकींना हक्कसोडपत्रासाठी, म्हणजे मिळकतीतला आपला वाटा सोडून देण्याच्या दस्तासाठी, बोलावणे जाते. करवीर, कागल, शिरोळ, आपल्या जिल्ह्यातला तालुका कोणताही घ्या, दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधक कार्यालयात हे नेहमीचे आहे. बहुतेक जणी हसतमुखाने सही करतात. कायद्याच्या लेखी ही मुक्त संमती. पण ती त्या टेबलापाशी तयार झालेली नसते, लहानपणापासून घडत आलेली असते.

लेक म्हणजे परक्याचे धन, हे ऐकतच ती वाढते. पंचमीला कोण न्यायला येते, भाऊबीजेला काय मिळते, तिच्या मुलांच्या लग्नात मामाचा आहेर कसा येतो, यावर सासरी तिची पत ठरते. हिस्सा मागितला की माहेर तुटले, हे तिला कुणी सांगावे लागत नाही. ‘लग्नात खर्च केलाय की’ हा हिशेबही तिनेच मनात मांडलेला असतो. म्हणूनच धाक न घालता सही मिळते, आणि पुढे करार कायद्याच्या कलम 16 मधला अनुचित प्रभाव, म्हणजे वजन वापरून मिळवलेली संमती, सिद्ध करायला गेले तर हाती काही लागत नाही. दाब भावाने दिलेलाच नसतो.

कायदा यात मागे नाही. हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी 1956 पासून बरोबरीची वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत राज्याने 1994 मध्ये हक्क दिला, पण 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. केंद्राच्या 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने ती अट गेली. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. वडिलांनी घेतलेली चार एकर, म्हणजे 160 गुंठे जमीन आणि मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी, तर मुलीचे 40 गुंठे.

गडबड होते ती सातबाऱ्यावर. वारस नोंद करताना भावांची नावे कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या रकान्यात, आणि बहिणींची ‘इतर हक्क’ या वेगळ्या रकान्यात घातली जातात. नाव लागले म्हणून बहिणी निर्धास्त राहतात. पुढे सोसायटीचे कर्ज, विक्री, रस्त्यासाठी भूसंपादनाचा मोबदला, सगळे व्यवहार कब्जेदारांशी होतात. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरच्या या नोंदबदलाची, नोटीस मिळाली की हरकतीला 15 दिवस असतात. तेवढ्यात तलाठ्याकडे लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. नोंद प्रमाणित झालीच, तर प्रांताधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील करता येते.

साध्या मुद्रांकावर नोटरी केलेले हक्कसोडपत्र जमिनीसाठी चालत नाही, ते नोंदणीकृतच लागते. मात्र एकदा नोंदवले की मन बदलले म्हणून मागे घेता येत नाही. दिवाणी न्यायालयात जावे लागते आणि फसवणूक कळल्यापासून मुदत तीन वर्षांची. नवरा गेल्यावर माहेरी परतलेल्या बहिणीच्या हाती मग काहीच उरत नाही.

नोंदणी कायद्यानुसार अधिकारी एवढेच पाहतो की दस्त करून देणारी व्यक्ती हीच का आणि सही तिला कबूल आहे का. काय सोडते आहे हे तिला समजले का, हे विचारणे त्याच्यावर बंधनकारक नाही. आमची मागणी नेमकी इथे आहे. भावांना बाहेर थांबवून तिला गट नंबर, एकूण क्षेत्र, तिच्या वाट्याचे गुंठे आणि आजचा सरकारी दर मराठीत वाचून दाखवावा. सही त्याच दिवशी न घेता महिनाभराने घ्यावी. कोल्हापूर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा 1917 मध्ये झाला, आणि 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केल्यावर राज्य सरकारने तो इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. ही सुरुवातही याच जिल्ह्यातून व्हायला हवी.

भावाला खरोखरच द्यायचे असेल, तरी हक्क सोडण्याची गरज नाही. जमीन त्याने कसावी, उसाचे बिल त्याने घ्यावे, बहिणीचे नाव कब्जेदार सदरी राहू द्यावे. सहहिस्सेदाराने नुसती जमीन कसली म्हणून दुसऱ्याचा हक्क बुडत नाही.

एक वाचक,
कोल्हापूर