ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांचं फिटचं औषध तुटू नये म्हणून आवाहन

सस्नेह नमस्कार.

आम्ही बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणी भागातले, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हातपाय आखडण्याचा त्रास) असलेल्या मुलांचे पालक. दसरा-दिवाळी झाली की इकडची गावं रिकामी होतात. उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेली असते, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळं आईला मागं राहता येत नाही. जे लेकरू धरल्याशिवाय बसत नाही, ते थकलेल्या आजीच्या भरवशावर किती दिवस ठेवणार? तेही भांड्याकुंड्यांसोबत ट्रॅक्टरवर चढतं आणि उसाच्या फडावर जातं.

सेरेब्रल पाल्सीच्या साधारण एक तृतीयांश मुलांना फिटही येतात. बाळ जन्मल्यावर रडलं नाही, फार लवकर जन्मलं, कावीळ डोक्यात गेली, मेंदूज्वर झाला, अशा कारणांनी मेंदूला इजा होते. मेंदूच्या ज्या इजेनं हातपाय आखडतात, तिच्यामुळंच झटकेही येतात. बाहेरचं काही नसतं, कुणाची नजरही नसते. सोडियम व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटॅम अशा औषधांनी पुष्कळ मुलांचे झटके आटोक्यात राहतात. मात्र औषध रोज आणि वेळेवर पोटात जायला हवं. ते एकदम बंद पडलं तर झटका थांबतच नाही अशी वेळ येते, आणि ती जिवावर बेतते.

फडावर नेमकं औषधच तुटतं. आई-बाप पहाटे अंधारात तोडीला जातात, सकाळचा डोस थोरल्या बहिणीच्या हाती. तीही शाळकरी पोर. बाटलीचं मापाचं झाकण कोपीत (फडाजवळच्या झोपडीत) कुठं तरी हरवतं, मग घरातल्या चमच्यानं अंदाजे. पाच मिलीच्या जागी कधी तीन, कधी आठ. बाटली संपली की परगावचा दुकानदार डॉक्टरांची चिठ्ठी मागतो (मागायलाच हवी), आणि चिठ्ठी राहिलेली असते बीडला नाहीतर अंबाजोगाईला. दवाखाना गाठायचा तर दिवसाचा खाडा, तो हिशेबात कापला जातो. मग आई उरलेलं औषध पुरवून पुरवून देते. तिला अडाणी म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहावा.

सरकारी सोयी नाहीत असं नाही. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. ‘निरामय’ विमा योजनेत वर्षाला १ लाखापर्यंत खर्च मिळतो, पण आधी पदरचे घालायचे आणि बिलं मागाहून पाठवायची. कोपीत बिलं जपून ठेवणं सोपं नाही. तरी मुलांचे फॉर्म आम्ही भरून घेतो आहोत.

पैसे लागणारच आहेत. निघताना प्रत्येक मुलासोबत दोन महिन्यांचं औषध, दोन मापाच्या सिरिंज आणि चिठ्ठीची प्लास्टिकमध्ये बंद केलेली प्रत द्यायची आहे. सगळ्या हंगामाचं औषध एकदम देत नाही, कारण मुलाचं वजन बदललं की डोसही बदलतो. डॉक्टर सांगतील त्या मुलांना झटका थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रेही द्यायचा आहे.

पण पैशांपेक्षा आम्हाला माणसं जास्त हवीत. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, बेळगाव या पट्ट्यात कारखान्याच्या आसपास राहत असाल, तर एका लेकराची जबाबदारी घ्या. महिन्यातून एकदा कोपीवर चक्कर, बाटलीत किती उरलंय ते पाहणं, आमच्याशी बोलून पुढचं औषध पोचवणं. दुचाकी असली की झालं. औषध दुकानदार असाल तर फारच बरं.

कोपीवर चक्कर मारायला जाणाऱ्यांना एवढं माहीत हवं : झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोट-पाणी काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबला नाही तर स्प्रे दिलेला असल्यास तो मारा आणि १०८ला फोन करा.

देणगी कितीही चालेल. आयकरातली ८०जीची सवलत आमच्याकडे नाही, हे आधीच सांगतो. पावती मात्र प्रत्येकाला मिळेल, आणि औषधाची बिलं कुणालाही कधीही पाहता येतील. टोळ्या निघण्याआधी औषध हातात पडायला हवं, म्हणून मदत आणि नावं दसऱ्यापर्यंत कळवावीत.

— पालक मंडळ, धारूर-वडवणी