थ्री नॉट थ्रीचा गाळलेला तारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतील ली-एनफील्ड, म्हणजे आपल्या ‘थ्री नॉट थ्री’ रायफलीवरचा लेख दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याशी अडलो. १९०७ साली मार्क ३ ही आवृत्ती आल्यानंतर या रायफलीची रचना अखेरपर्यंत तीच राहिली, असे लेखक लिहितात. शेजारचे छायाचित्र मात्र ‘मार्क ३ तारा’ (नावापुढे * ही खूण असलेल्या) या रायफलीचे आहे आणि त्याखालच्या ओळीत तो तारा गाळला आहे.

मूळ मार्क ३ ला उजव्या अंगाला कट-ऑफची पट्टी असे. ती आत ढकलली की मॅगझिनमधील, म्हणजे रायफलीच्या काडतूस-पेटीतील, १० काडतुसे राखीव राहत आणि शिपायाला एकेक काडतूस हाताने भरून गोळी झाडता येई. डाव्या अंगाला, फार लांबच्या टप्प्यावर सगळ्यांनी मिळून मारा करण्यासाठी नेम धरण्याची वेगळी सोय, व्हॉली साइट, असे. पहिल्या महायुद्धात रायफली पुरेनात, तेव्हा जानेवारी १९१६ मध्ये या दोन्ही गोष्टी वगळण्यास मंजुरी मिळाली. तो तारा या बदलाची खूण आहे.

हे मी हाताने शिकलो आहे. पोलीस शस्त्रागारात आर्मोररचे, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करण्याचे व राखण्याचे, काम शिकत असताना आमचे उस्ताद डोळ्यांवर रुमाल बांधून रायफल हाती देत आणि ती ओळखायला लावत. एकदा अंगठ्याला कट-ऑफची खाच लागली, पट्टी लागली नाही, म्हणून मी ‘मार्क ३, पट्टी हरवलेली’ असे सांगितले. त्यांनी रुमाल सोडला, बोल्टच्या (काडतूस नळीत ढकलणाऱ्या भागाच्या) दांडीखालचा ठसा दाखवला आणि तिथल्या ताऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, “हरवलेली नाही, बसवलेलीच नाही.” त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी रॅकमधील प्रत्येक रायफलीचा ठसा वहीत उतरवला. ती वही अजून माझ्याजवळ आहे.

‘शॉर्ट मॅगझिन ली-एनफील्ड’ या पूर्ण नावातील ‘शॉर्ट’ (आखूड) हा शब्दही लेखकांनी मॅगझिनला लावला आहे. आखूड केली ती रायफल: आधीच्या लांब ली-एनफील्डपेक्षा तिची नळी ५ इंचांनी कमी आहे, आणि घोडदळ व पायदळ दोघांना एकच शस्त्र देता यावे हा त्यामागचा हेतू होता.

शिवाय छायाचित्र उलटे छापले गेले आहे. बोल्टची दांडी डावीकडे दिसते, त्यामुळे कोणता भाग कोणत्या अंगाला होता हे नव्या वाचकाला समजणारच नाही. दुरुस्ती छापताना ते सुलट करून, ओळीत ताऱ्यासह छापावे, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त आर्मोरर, सातारा