टोरोरोहून रूथला

चि. रूथ हिस,
प्रभूच्या नावात सलाम.

परवा तू दुसऱ्या लग्नाचं सांगितलंस आणि मी ‘बघू’ म्हणून फोन ठेवला. पाळकसाहेबांनी तुला बायबलमधला, घटस्फोटावरचा मत्तयाचा 19वा अध्याय ऐकवला म्हणालीस, तेव्हा राग मला तुझा आला होता, त्यांचा नाही.

आमच्या शाळेत स्वयंपाकाला तेसो जमातीची एक बाई आहे. नवरा मारायचा म्हणून माहेरी आली. भाऊ म्हणाले, परत जा. का, तर तिच्या लग्नात नवऱ्याकडून आलेल्या गाई देऊनच धाकट्याचं लग्न झालेलं. गाई परत केल्याशिवाय रूढीने काडीमोड नाही. परत करायच्या तर आणायच्या कुठून? 2015 साली युगांडाच्या सुप्रीम कोर्टाने ही परतफेड घटनाबाह्य ठरवली. खटला इथल्याच, बायकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मिफुमी संस्थेचा. गाई देण्या-घेण्याला मात्र कोर्टाने हात लावला नाही. भावांना निकाल ठाऊक आहे. तरी तिच्या सासरच्यांसमोर मान वर होत नाही त्यांची.

मी तावातावाने म्हणालो, शास्त्रात असला हिशेब नाही. आमचे म्हातारे उपदेशक हसले. त्यांच्या आजोबांना तीन बायका. मिशनरी म्हणाले, बाप्तिस्मा हवा तर एकच ठेव. दोघी मुलांसकट घराबाहेर! घटस्फोट पाप म्हणून शिकवणाऱ्यांनीच एका दिवसात दोन करवले. 1888 साली लंडनमध्ये लॅम्बेथला जमलेल्या अँग्लिकन बिशपांचा ठरावच होता, अनेक बायका असलेल्या पुरुषाला बाप्तिस्मा नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या नातालचे बिशप कोलेन्सो त्याच्या कितीतरी आधीपासून सांगत होते की बायका टाकायला लावू नका. ते लॅम्बेथच्या बिशपांना पटायला 1988 उजाडलं. टाकलेल्या बाईचे समाजात हाल होतात, म्हणून सक्ती नको, असं तेव्हा कुठे लिहिलं गेलं.

रात्री झोप लागली नाही. तू बॅग घेऊन दारात उभी होतीस, आणि मी पहिलं काय विचारलं? मंडळीत काय सांगायचं! गाई नव्हत्या मधे, एवढाच फरक.

एप्रिलमध्ये येतो. पाळकसाहेबांकडे दोघं जाऊ. ‘देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये’ हे त्याच अध्यायातलं सहावं वचन; नवव्यात व्यभिचाराचा अपवाद खुद्द प्रभूनेच ठेवलाय. तुझ्या पहिल्या नवऱ्याने दुसरं घर केलं हे सगळ्या मंडळीला माहीत आहे, मग नववं का वाचत नाहीत, ते मी विचारीन.

तुझ्या होणाऱ्या नवऱ्याचं नाव कळव. फोनवर मी विचारलंच नाही.

तुझा,
पप्पा