जुनी किमची देणाऱ्या ताईंना

वरच्या मजल्यावरच्या ताई,

तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषय संपवता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, आता अडवून दाखवा.

किमची ग्रिल्ड चीज. एवढीशी तर गोष्ट, ब्रेड, चीज, किमची (कोरियन पद्धतीचा आंबवलेला कोबी), थोडं गोचुजांग (त्यांची आंबवलेली मिरचीची पेस्ट). पण कोणी धड सांगेल तर शपथ! व्हिडिओवाले चीजची तार ओढून दाखवण्यात दंग, किमचीचं पाणी सुटून खालच्या ब्रेडचा लगदा होतो त्याबद्दल एक अक्षर नाही. एका क्लासवाल्यांनी रीतसर फी घेतली आणि गोचुजांग ब्रेडला बाहेरून फासायला लावलं. अहो, त्यात चिकट तांदळाचा गोडवा असतो, चीज वितळायच्या आधी तो करपणारच ना? विचारलं तर म्हणे तुमचा तवाच खराब. आणि तिसरी जमात 'हे काही ऑथेंटिक नाही' वाल्यांची, त्यांना तर कोपरापासून नमस्कार.

तुम्ही जिन्यात उभ्या राहून सगळं ऐकून घेतलंत, हसला नाहीत, वर गेलात आणि फ्रीजच्या अगदी मागची बरणी घेऊन आलात. मला खरं तर यातच अडकायला झालंय. ताजी किमची पुढेच ठेवलेली होती म्हणालात, ती दिली असती तरी मी खूश होऊन गेलो असतो, मला कुठे फरक कळत होता? पण तुम्ही कित्येक महिने मुरलेली, स्वतःच्या जिगेसाठी, म्हणजे कोरियन रश्शासाठी, राखून ठेवलेली आंबट किमची अर्धी काढून दिलीत. "ताजी नुसती खायची, शिजवायला जुनीच लागते, चीजने तोंड मिटतं ते हिच्या आंबटपणाने सुटतं." फ्रीजमध्येही आंबणं थांबत नाही, फक्त सावकाश चालतं, लॅक्टिक अ‍ॅसिड वाढत जातं, म्हणजे ती चव विकत आणता येत नाही, वाटच बघावी लागते. ती वाट तुम्ही बघितली होती आणि खाल्लं मी.

बाकीचं तुम्ही दोन वाक्यांत उरकलंत, किमची घट्ट पिळून तिळाच्या तेलात परतायची, गोचुजांग मेयोत कालवून आतून लावायचं, गॅस बारीक आणि वर झाकण. चीजचंही तसंच, तार पाहिजे तर मोझरेला आणि सोबत एक प्रोसेस्ड स्लाइस, ती तेल न सोडता गुळगुळीत वितळते. झालं! कडेला कुरकुरीत, आत लालभडक, मी उभ्याउभ्याच संपवलं.

आणि ते ऑथेंटिकवाले, त्यांच्यासाठी तुम्ही सांगितलेलं बुदेजिगे, म्हणजे 'लष्करी तळाचा रस्सा', पुरेसं आहे. १९५०-५३ च्या कोरियन युद्धानंतर अमेरिकन लष्करी तळांच्या आसपास मिळणारं डब्यातलं हॅम आणि सॉसेज किमचीसोबत उकळून कोरियन लोकांनीच ते केलं, आज त्यावर चीजची स्लाइसही टाकतात, उइजोंगबू शहर तर त्यासाठी प्रसिद्ध आहे. मिरचीसुद्धा कोरियात बाहेरूनच आली की.

युनेस्कोने २०१३ मध्ये दक्षिण कोरियाच्या किमजांगला, म्हणजे हिवाळ्याआधी सगळ्यांनी मिळून किमची घालण्याच्या प्रथेला, वारसा यादीत घेतलं ते नुसती किमची बनवण्यासाठी नाही, बनवून वाटण्यासाठी, हेही तुमच्याकडूनच कळलं. माहितीचा मारा करणारे पुष्कळ भेटतात हो, फी घेऊनही चुकीचं सांगणारे त्याहून जास्त, पण समोरच्याच्या साध्या सँडविचसाठी स्वतःची राखून ठेवलेली वस्तू काढणारा माणूस क्वचित भेटतो, आणि वर तो त्याचं नावही काढत नाही.

असो, लांबलं. पुढच्या वेळी कोबी मिठात घालाल तेव्हा हाक मारा, धुवायला, पिळायला, पानापानात मसाला भरायला येतो. हातमोजे माझे मी आणीन. आणि एक भाग फिश सॉसशिवाय करूया का? घरात एकजण शाकाहारी आहे आणि सँडविचचा वास आल्यापासून माझ्या मागे लागलाय.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा