विषय : तळघरात शिरणारे पाणी आणि नव्या पंपाचा प्रस्ताव

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,

स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यातल्या पावसानंतर फलकावर मोठा पंप घेण्याची सूचना लागली आहे. पंपाला माझा विरोध नाही, पण त्याने आपला प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही.

हिशेब साधा आहे. एक चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. आपलं आवार गच्च्यांसकट 3,000 चौरस मीटर धरलं, तर 100 मिमी पावसात 3 लाख लिटर पाणी पडतं, म्हणजे 10 हजार लिटरचे 30 टँकर. बागेत पेव्हर ब्लॉक बसवल्यापासून त्यातलं फारसं मुरत नाही. ते उतार शोधतं, आणि आपल्याकडे सगळ्यात सोयीचा उतार रॅम्पचा. पंप हे पाणी टाकणार कुठे? रस्त्याच्या गटारात, जे त्या वेळी आधीच तुडुंब असतं. शिवाय पंपाचं पॅनेल तळघरातच, जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर. पाणी वाढलं की सगळ्यात आधी तेच बंद करावं लागणार.

पण हे पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. त्या संध्याकाळी आमच्या विंगमधले एक काका गाडी काढायला खाली गेले. उतरले तेव्हा पाणी घोट्यापर्यंत होतं. किल्ली फिरवून गाडी सुरू होत नाही म्हणेपर्यंत गुडघ्याला लागलं. रॅम्पवरून लोंढा येत होता, म्हणून ते जिन्याकडे वळले. ते दार तळघराच्या बाजूला उघडतं. अर्धा मीटर पाणी साठलं की 90 सेंमी रुंद दारावर शंभर किलोहून जास्त भार येतो. पलीकडून वॉचमनने खांदा लावून ढकललं तेव्हा कुठे माणूस जाईल एवढी फट पडली. काकांची एक चप्पल अजून सापडलेली नाही. ते हसून सांगतात, मला हसू आलं नाही.

म्हणून पहिली मागणी ही : अतिवृष्टीचा इशारा आला की गाड्या त्याच दिवशी वर घ्यायच्या, आणि पाणी शिरू लागल्यावर कोणीही खाली उतरायचं नाही. वॉचमनला तसं लेखी द्या, म्हणजे सभासद त्याच्यावर ओरडणार नाहीत. आपल्या डोक्यावर पाऊस नाही म्हणून निर्धास्त राहू नये. नाल्याच्या वरच्या अंगाला ढग कोसळला तर इथे आभाळ मोकळं असतानाही पाणी चढतं.

पंपाच्या पैशातून आधी रॅम्पच्या तोंडाशी फूटभर उंचवटा करून घ्यावा आणि पॅनेल पहिल्या मजल्यावर हलवावं. उंचवट्यावर गाडीची खालची बाजू घासेल अशी तक्रार येईलच. दोन्हीकडे लांब उतार दिला तर घासणार नाही. पाणी शिरू लागताच लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद ठेवायला वॉचमनला शिकवावं. जमिनीखालच्या टाकीचं झाकणही एकदा बघा, त्याचा रबर गेलेला आहे. गटाराचं पाणी त्यातून आत गेलं तर आठवडाभर नळाला तोंड लावता येणार नाही.

फाटकाजवळच्या चेंबरची जाळी मी काल उचलून पाहिली. खाली पालापाचोळा, दुधाच्या पिशव्या आणि पेव्हरच्या कामातलं वाळलेलं सिमेंट आहे. सिमेंट फोडायला माणूस लागेल. बाकीचं शनिवारी सकाळी मी काढतो; पहार माझ्याकडे आहे, घमेलं सोसायटीचं द्यावं.

आपला,
तळमजल्यावरील एक सभासद