कूलिंग टॉवरवाल्याचं डॉ. मॅकडेड यांना पत्र

डॉ. जोसेफ मॅकडेड यांस,
स. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही, ओळखायचं काही कारणही नाही. मी मुंबईतल्या एका हॉटेलात मेंटेनन्स बघतो. तळघरातले एसीचे चिलर आणि पंप, गरम पाण्याच्या टाक्या, एसीचं तापलेलं पाणी पंख्याच्या हवेने गार करणारे गच्चीवरचे कूलिंग टॉवर, असा सगळा कारभार. अशा पाण्यात पोसला जाणारा, न्यूमोनिया करणारा लिजिओनेला हा जंतू जानेवारी १९७७ मध्ये तुम्ही जगापुढे आणलात. माझं निम्मं काम त्यावर चालतं, म्हणून आभार मानायला बसलो.

जुलै १९७६ ची हकिगत आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचायला हवी. फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं. मंडळी आपापल्या गावी पोचली आणि तापाने फणफणली, न्यूमोनियाने आडवी झाली. १८२ आजारी, त्यातले २९ दगावले. त्या वर्षी स्वाइन फ्लूची धास्ती होतीच, तेव्हा पहिला संशय त्याच्यावर. तो निघाला नाही, तर मग निकेलचं विष म्हणून झालं. हॉटेलात पाऊलही न टाकता नुसते बाहेरच्या ब्रॉड स्ट्रीटवरून गेलेले काही जणही आजारी पडले होते. गिऱ्हाईक तुटलं आणि नोव्हेंबरात त्या नामांकित हॉटेलाला टाळं लागलं. जंतू नेमका कुठून सुटला ते शेवटपर्यंत सापडलं नाही. पण तिथल्या बऱ्याच कर्मचाऱ्यांच्या अंगात त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती आधीच तयार असल्याचं दिसलं, म्हणजे तो दोनेक वर्षं तरी आसपास वावरत असावा. हे वाचलं तेव्हा आमच्या पंपरूममधली पोरं डोळ्यांसमोर आली.

आता तुमच्याबद्दल. सीडीसी या अमेरिकी सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेत तुम्ही रिकेट्सिया नावाचे वेगळ्याच जातीचे जंतू बघणारे, म्हणजे हा मुळात तुमचा प्रांतच नव्हे. उन्हाळ्यात, रुग्णांच्या फुप्फुसाचा अंश टोचलेल्या गिनीपिगच्या स्लाइडवर तुम्हाला काही दंडाकृती जीवाणू दिसले होते, पण बाहेरून शिरलेली घाण असेल म्हणून ते बाजूला पडले. मग नाताळातल्या एका मेजवानीत कुणा गृहस्थाने, शास्त्रज्ञांनी आमची निराशा केली, असं तुम्हाला तोंडावर ऐकवलं. दुसरा कुणी असता तर ग्लास घेऊन पलीकडच्या घोळक्यात गेला असता. तुम्ही सुट्टीच्या दिवसांत प्रयोगशाळेत जाऊन त्याच जुन्या स्लाइड पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्यात. या खेपेला एका जागी पुंजका दिसला. मग कोंबडीच्या अंड्यांत जंतू वाढवला, या वेळी त्याला मारणारं प्रतिजैविक न घालता, आणि फिलाडेल्फियाच्या रुग्णांचं रक्तद्रव त्याच्याशी जुळवून पाहिलंत. जुळलं. त्यानंतर सीडीसीने जपून ठेवलेले जुने नमुने तपासले, तर १९६५ साली वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स हॉस्पिटलात पसरलेल्या न्यूमोनियाचा आणि १९६८ साली मिशिगनमधल्या पॉन्टिॲक गावात आलेल्या तापाच्या साथीचाही गुन्हेगार हाच. लिजिओनेला.

त्याआधी आमच्या लेखी पाण्याची काळजी म्हणजे यंत्राची काळजी. कंडेन्सरच्या नळ्यांत क्षार बसू नये, वीजबिल वाढू नये, संपलं. आजही कंत्राटदार बाटलीत पाणी धरून म्हणतो, "साहेब, काचेसारखं आहे की!" मी त्याला शिडीने वर नेतो आणि टॉवरच्या आतल्या फिलवरून, म्हणजे पाणी ज्यावरून पसरत खाली येतं त्या प्लास्टिकच्या थरांवरून, बोट फिरवायला लावतो. बोटाला तपकिरी, बुळबुळीत साय येते. ती जंतूंची वसाहत. त्यातले अमिबा लिजिओनेलाला गिळतात आणि तो त्यांच्याच पोटात वाढतो, क्लोरीनपासूनही तिथेच लपतो. पंखा फिरला की तुषार उडतात, वाऱ्याबरोबर लांब जातात आणि कुणाच्या तरी श्वासात शिरतात. ते तुषार अडवणाऱ्या जाळ्या तुटलेल्या असल्या तर विचारूच नका. टॉवर धुताना आमची पोरं आता चांगल्या प्रतीचे मास्क लावतात. सुरुवातीला हसायची.

गरम पाण्यावरून तर दरवर्षी वाद. वीज वाचवायला टाकी ४५ अंशांवर ठेवा, असा हुकूम वरून येतो. ते ऐकलं की माझं डोकं सणकतं, कारण कोमट पाणी या जंतूला मानवतं. टाकीत ६० आणि नळाला पोचेपर्यंत ५० च्या खाली नाही, यावर मी अडून बसतो. लॉकडाऊननंतर हॉटेल उघडलं तेव्हा पाहुण्यांआधी आम्ही खोलीखोलीत शिरून शॉवर सोडून दिले होते, कारण पाइपात पाणी महिनोन्महिने तुंबलं होतं.

तुमच्या देशातही अजून सगळं आलबेल नाही म्हणा. २०१५ साली न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये एका हॉटेलाच्या टॉवरमुळे १३८ जण आजारी पडले, १६ गेले. तेव्हा कुठे शहराने टॉवरची नोंदणी आणि तपासणी सक्तीची केली. इकडे न्यूमोनिया झाला की उपचार सुरू होतात, पण लघवीतून या जंतूची तपासणी करून घेतलेला रुग्ण मला तरी अजून भेटलेला नाही. पेनिसिलिनच्या जातीची औषधं याच्यावर चालत नाहीत. ॲझिथ्रोमायसिन किंवा लेवोफ्लॉक्सॅसिन लागतं. माणसाकडून माणसाला तो सहसा लागत नाही, त्यामुळे घरात एकटाच आजारी पडतो आणि टॉवरकडे कुणाचं लक्ष जात नाही. आमच्या डॉक्टरमंडळींनी, निदान मोठ्या हॉटेलात राहून आलेल्या किंवा अशा टॉवरवर काम करणाऱ्या रुग्णाला तरी, "पाण्याचा संबंध कुठे आला होता?" एवढं विचारावं.

मेजवानीत तुम्हाला टोकणाऱ्या त्या गृहस्थाचं नाव मला कुठे वाचायला मिळालं नाही. त्याचे आभार कुणी मानलेत की नाही कोण जाणे. ते याच पत्रात मानून टाकतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मेंटेनन्सवाला, मुंबई