नोकरी सोडली आहे, पण आधी पूर्ण वाचा

ती. आई-बाबांस, सा. न.

फोनवर सांगायला घेतलं की बाबा फोन तुझ्या हातात देतात आणि तू ‘जेवलीस का’वर विषय संपवतेस, म्हणून लिहिते आहे. मी नोकरी सोडली. घरातलं अन्न वाया जाऊ नये आणि ताटात कडधान्यं-भाज्या वाढाव्यात, यासाठीचं मोबाइल ॲप करणार आहे. घाबरू नका. वर्षभराचा खर्च बाजूला काढलाय, पीएफला हात लावलेला नाही, खारघरची जागाही सोडत नाही. ऑफिसच्या विम्यातून तुमची नावं निघणार होती, ती त्याच विमा कंपनीच्या वेगळ्या पॉलिसीत आधीच वळवून घेतली आहेत.

बाबा, ‘यात पैसे कुठून?’ हा तुमचा प्रश्न. घरांना ॲप फुकट, पैसे सोसायट्यांकडून. २०१६ च्या घनकचरा नियमांपासून मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा आहे. कचरा कमी निघाला की त्याचं खत करण्याचा त्यांचा खर्च वाचतो. काम लहान नाही हो. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के हॉटेलांतून नव्हे, घरांतून.

आई, आपल्याकडे काही टाकत नाहीत हे मला माहीत आहे. कारण उरलेलं सगळं तू खातेस. आम्हाला गरम पोळी आणि तुला कालची. अशा घराला ॲपमध्ये शंभरपैकी शंभर मिळतील, आणि नेमकं तेच मला नकोय. म्हणून त्यात ‘टाकलं’ असं बटण नाही, ‘उरलं’ असं आहे. भात लागोपाठ तीनदा उरला की पुढच्या वेळी तांदूळ पाव वाटीने कमी घे, असं ते सुचवेल. चौघांचं माप दोघांना अजून लावतेसच ना?

अशी ॲप्स बहुतेक एकाच ठिकाणी अडतात: रोजची नोंद. पाकिटावरच्या पट्ट्या स्कॅन करायच्या म्हटलं तर जांभळी नाक्यावरच्या मेथीला पाकीटच नसतं. फोटोवरून ओळखायचं तर मेथी आणि कोथिंबिरीत गोंधळ होतो. म्हणून बोलून नोंद: ‘मेथी दोन जुड्या, भोपळा अर्धा किलो.’ जुडी, वाटा, डझन ही मापं त्याला कळतात, ग्रॅम विचारत नाही. मग ते क्रम लावतं. मेथी दोन-तीन दिवसांत संपवायची, फ्लॉवर चार-पाच दिवसांत, अखंड लाल भोपळा महिनाभर थांबतो. आठवण संध्याकाळी सातला येऊन उपयोग नाही, तोवर तुझा कुकर चढलेला असतो. म्हणून ती आदल्या रात्री साडेआठला: ‘पाऊण वाटी मटकी भिजत घाल.’ आठ-दहा तास भिजवून फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड. मे महिन्यात मात्र मोड दिसताच फ्रिजमध्ये, नाहीतर आंबूस वास येतो.

‘मासे सोडा’ असं ते कुणाला म्हणणार नाही. मी कारलं खावं म्हणून तू गुळाचा खडा घालायचीस, ओरडायची नाहीस, तसंच. सुरुवातीला ते एवढंच विचारतं की घरात कोणते वार पाळता. आपले सोमवार, गुरुवार, चतुर्थी आहेतच. त्या दिवशी बटाटा-साबुदाण्यावर भागतं, ही खरी अडचण. उपास नसेल तिथे मूग, वाल, कुळीथ सुचवायचे. ३० ग्रॅम सुक्या डाळीत साधारण ७ ग्रॅम प्रथिनं असतात. बाबा, तुमचं दूध-दही मात्र बंद करायचं नाही. वर्षानुवर्षं मधुमेहाचं मेटफॉर्मिन घेतलं की बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि ते डाळी-भाज्यांत नसतं. पुढच्या साखरेच्या तपासणीबरोबर बी-१२ पण करायला डॉक्टरांना सांगा. ‘बघू’ चालणार नाही.

आई, भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, उकाड्यात तासाभरातच. पातेलं तसंच ठेवू नकोस, पसरट डब्यात घाल म्हणजे लवकर निवतो. शिजवूनही न मरणारे काही जिवाणू त्यात असतात. बाहेर राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी केलेलं विष कितीही कडकडीत फोडणी दिलीस तरी जात नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात टाकायचा. हो, टाकायचा! आणि मेथी धुऊन ठेवू नकोस, ओली पानं कुजतात. निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळ, धुवायची चिरण्याआधी.

तुझ्या फोनवर ॲप मीच घालून देईन, अक्षरं मोठी करून. बॅटरी वाचवायचं सेटिंगही त्याच्यापुरतं बंद करीन, नाहीतर फोन त्याला झोपवतो आणि मटकीची आठवण सकाळी नऊला येते. आवडलं नाही तर काढून टाक, मला अजिबात वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल.

रविवारी जेवायला येते. त्याआधी फ्रिज आवरायचा नाही, सगळ्या वाट्या-डब्यांसकट मला आहे तसा बघायचाय. आणि बाबा, बांगडे आणलेत तर तिघांना पुरतील एवढेच आणा.

तुमची,
छकुली